एसी बंद ठेवून विणलेलं वीतभर कापड

सौदीत माणूस काय वाटेल ते बंद ठेवील, पण सप्टेंबरात एसी बंद ठेवणार नाही. आमच्या घरात तो अडीच आठवडे बंद होता. का, तर म्हणे सुताला सोसत नाही. मला, मुलीला आणि ओट्यावरच्या गुळाच्या ढेपेला काय सोसतं, हे कुणी विचारलं नाही.

हे सूत आमच्या घरात कसं शिरलं ते आधी सांगते. मी कतीफमधल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. नऊ वर्षांपूर्वी चार वर्षांच्या मुलीला घेऊन इथे आले. नवरा मागे इचलकरंजीतच राहिला, कारण तिथे त्याचे आठ यंत्रमाग होते आणि त्याच्या मते त्या मागांना त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. तो मालकही होता आणि जॉबरही. जॉबर म्हणजे माग बिघडला की पाना घेऊन त्याच्याखाली शिरणारा माणूस. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याचे पायच जास्त दिसले.

दोन वर्षांपूर्वी ते माग भंगारात गेले. आमच्याच रस्त्यावर नवे परदेशी माग आले, त्यांतला एकेक माग आमच्या चार-चार मागांचं काम करू लागला, आणि आमच्या कापडाकडे कुणी बघेना. मग नवरा माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, इकडे आला. त्याच्या कागदावर स्पष्ट नोंद आहे की हा गृहस्थ बायकोवर अवलंबून असून त्याला काम करण्याची परवानगी नाही. असं सरकारी प्रमाणपत्र फार थोड्या नवऱ्यांच्या नशिबी असतं.

ज्याला कामाची परवानगी नाही त्याने घरातलं सगळं काम अंगावर घेतलं, आणि तेही कारखानदाराच्या थाटात. सकाळी डबे, दुपारी धुणी, संध्याकाळी पोळ्या, अशा तीन पाळ्या त्याने लावल्या. दारांच्या बिजागऱ्यांना दर शुक्रवारी तेल घालायला सुरुवात केली. वॉशिंग मशीन चांगलं चाललेलं असताना उघडून पाहिलं आणि पुन्हा जोडल्यावर एक स्क्रू उरला, तर तो स्क्रू कंपनीनेच जास्तीचा घातला होता असं मला सांगितलं. त्याच्या पोळ्या माझ्यापेक्षा गोल होतात. हे मी कबूल करते, पण त्याच्यासमोर नाही.

मुलगी आठवीत होती. बापाला ती सुट्टीतला माणूस म्हणूनच ओळखत होती. सुट्टीत गावी गेली की माग बघायला नेलं तरी दोन्ही कानांवर हात ठेवून दारातूनच परत फिरायची. एका संध्याकाळी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. ही सहज म्हणाली, "माय डॅड? ही इज रिटायर्ड."

नवरा तेव्हा भेंडी चिरत होता. वय वर्षं सेहेचाळीस. जेवणं झाली. भांडी विसळताना मला म्हणाला, "रिटायर्ड दिसतोय व्हय गं मी?"

"पेन्शन दाखवा, मग सांगते," मी म्हणाले.

तो हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं, आणि मला माझ्या जिभेचा राग आला. त्याला जे लागलं होतं ते मला दिसत होतं. आपण कोण होतो हे आपल्या पोरीला ठाऊकच नाही, आणि ते दाखवायला आता एकही माग शिल्लक नाही.

त्याच आठवड्यात शाळेतून प्रदर्शनाचा विषय आला, इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन. मुलीने तासाभरात तक्ता तयार केला. इंटरनेटवरून उतरवलेली पाच चित्रं, त्यांखाली पाच सालं, आणि कडेला चमकीचा पट्टा. नवऱ्याने चष्मा लावून तो तक्ता असा तपासला की जणू गिऱ्हाइकाने परत पाठवलेला तागा आहे.

"ह्यो माग उलटा चिकटवलायस," तो म्हणाला.

"पप्पा, इट्स जस्ट अ पिक्चर."

"आणि आधी हे आलं, मग ते आलं, एवढंच लिवलंस. कशापायी आलं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या लाटत होते, कारण त्या दिवशी माझी सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी लाटणं माझ्याकडे आणि तवा त्याच्याकडे अशी वाटणी होती. त्याने मुलीला ओट्यापाशी ओढलं. "तुझी आई लाटत्या. समज, ही सूत कातत्या. मी भाजतोय, म्हंजे मी विणकर. लई वर्षं असं चाललं. एका विणकराला सूत पुरवायला चार-पाच बायका कातत बसायच्या." मग, तो सांगू लागला, तिकडे विलायतेत कुणीतरी दोरी ओढून धोटा फेकायची युक्ती काढली. धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. आधी ती हाताने सरकवायला लागायची, आता झटक्यात पळू लागली. विणकराचा वेग दुप्पट झाला.

"आता मी भराभर भाजतो," असं म्हणून त्याने गॅस मोठा केला. "पुरतील का हिच्या पोळ्या?"

नाही पुरल्या. मी मागे पडले, आणि मागे पडलेल्या बाईचा चेहरा कसा होतो तेही त्याने मुलीला दाखवलं. मग एका चाकावर आठ चात्या फिरवून आठ धागे एकदम कातणारं यंत्र आलं. म्हणजे माझ्या हातात आठ लाटणी आली. आता सुताचा ढीग झाला आणि विणकर मागे पडला. म्हणून मग पाण्याच्या आणि वाफेच्या जोरावर चालणारा माग आला.

"एकानं दुसऱ्याला पळवलं, दुसऱ्यानं पहिल्याला," तो म्हणाला. "ह्येलाच तुझी रेव्होल्यूशन म्हणत्यात."

मुलीने हातातला फोन खाली ठेवला होता. त्या क्रांतीपायी आमच्या तिघांच्या घरात बावीस पोळ्या झाल्या आणि दोन दिवस आम्ही त्यांचा कुस्करा खाल्ला.

तक्ता रद्द झाला. चालता माग करायचं ठरलं, म्हणजे नवऱ्याने ठरवलं. मला आणि मुलीला ठराव वाचून दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवसापासून तो सनाइयाच्या, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीच्या चकरा मारू लागला. मोडीतल्या गाडीच्या वायपरची मोटर आली. माल उतरवून टाकलेल्या लाकडी फळ्या आल्या. उभे धागे वर-खाली उचलणाऱ्या फासांना इचलकरंजीत वही म्हणतात. त्यासाठी कतीफच्या मासळीबाजारामागच्या दुकानातून कोळ्यांची नायलॉन दोरी आली. आणि धोट्यासाठी चांगलं मुरलेलं लाकूड कुठे मिळेना, तेव्हा एके दिवशी मी ड्यूटीवरून येते तो माझं लाटणं दोन्ही टोकांना निमुळतं होऊन मधोमध पोखरलेलं.

"माहेरचं होतं हो ते," मी म्हणाले.

"मग चांगल्या घरात गेलं," तो म्हणाला. त्यानंतर महिनाभर आम्ही स्टीलच्या पेल्याने पोळ्या लाटल्या.

राहिलं सूत. शेजारी रत्नागिरीकडचे एक भाई राहतात. त्यांचं शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान आहे. माझ्या पाळ्या असत तेव्हा माझी मुलगी त्यांच्याच घरात वाढली. त्यांना कळलं तसे ते दोऱ्याचा एक मोठा कोन घेऊन दारात हजर. "वहिनी, ह्यो पॉलिस्टर. मेला तुटायचा नाय. भाऊंना द्या."

नवऱ्याने तो कोन दोन बोटांत धरला. "भाई, राग मानू नका, पण ही मासे धरायची दोरी झाली. सूत न्हवं."

मासे धरायची दोरी त्याने आधीच मागात घातली होती, हे मी लक्षात आणून दिलं. ते त्याला रुचलं नाही. माग दाखवायचा तर सुती धाग्याचाच, नाहीतर पोरगी तक्ता घेऊन जाऊ दे, असं त्याने जाहीर केलं. शेवटी सुट्टीवरून परतणाऱ्या माझ्या एका सहकारी नर्सच्या बॅगेतून इचलकरंजीचे दोन कोन सुती सूत आले. धाग्याला ताठपणा यावा म्हणून त्याला खळ लावतात. ती माझ्या उपासाच्या साबुदाण्याची झाली. चतुर्थीला मी केळी खाल्ली.

आणि मग एसी. सुती धागा कोरड्या हवेत कडक होतो आणि तटातट तुटतो. म्हणून इचलकरंजीत मागांच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारतात. कतीफची हवा समुद्रामुळे इतकी दमट की चष्म्यावर धुकं बसावं, अगदी शेडसारखी. पण एसी तो दमटपणा ओढून घेतो. तेव्हा एसी बंद, खिडक्या उघड्या. भाईंची बायको बिर्याणी द्यायला आली ती उंबऱ्यातूनच डबा सरकवून पळाली. मी दवाखान्यात जादा पाळी मागून घेतली. सुपरवायझर बाईंना माझ्या सेवावृत्तीचं फार कौतुक वाटलं.

मुलीला पळायला जागा नव्हती. त्या घामात बापाने तिला तुटलेला धागा जोडायची विणकराची गाठ शिकवली. ती एका चिमटीत, क्षणात मारायची असते, आणि इतकी बारीक बसते की मागाच्या फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय निघून जाते. मुलगी कुरकुरायची, "माय फिंगर्स आर डेड." तो म्हणायचा, "अजून शंभर. मग जिवंत होतील." दहा-बारा दिवसांत ती फोनवर सिनेमा बघता बघता गाठी मारायला लागली. आणि एका सकाळी टेबलाएवढा तो माग खटक-खटक चालू लागला. माझं लाटणं डावीकडून उजवीकडे पळत होतं. खरं कापड निघत होतं. मुलीने या वेळी कानांवर हात ठेवले नाहीत, पण तोंड एसीकडेच करून उभी होती.

प्रदर्शन ऑक्टोबरात होतं, मुलींच्या विभागात, आणि तिथे आत फक्त आयांना प्रवेश. नवऱ्याला हे आधी माहीत होतं, तरी गेटवर माग चौकीदाराच्या ढकलगाडीवर ठेवताना त्याने त्याला तीनदा बजावलं की हिसका देऊ नको. मग तो रस्त्यापलीकडे गाडीच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. भावनेने नव्हे, थंडीने. सगळ्या आया शाली पांघरून बसल्या होत्या. माग दहा मिनिटं छान चालला. मुली गोळा झाल्या. मग एक धागा तुटला. मुलीने माग थांबवून जोडला. मग दोन तुटले. मग पाच.

मी नवऱ्याला फोन लावला. आत सगळ्या बायका-मुली, त्यामुळे व्हिडिओ दाखवायची सोय नव्हती. तो म्हणाला, "फोन मागाच्या पोटाशी धर आणि चालू कर." मी धरला. थोडा वेळ तो नुसता ऐकत होता.

"मोटर बरी हाय. धोटा बरा हाय. धागं कोरडं पडल्यात." मग एकदम म्हणाला, "आत एसी हाय?"

"शाळा आहे हो ती. एसी असणारच."

या माणसाने धाग्यासाठी आम्हाला अडीच आठवडे शिजवलं, पण शाळेच्या हॉलला एसी असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या मनातला माग इचलकरंजीच्या शेडमध्येच उभा होता. "चुकलं माझं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका पडलेला होता की जिभेवर आलेलं 'पॉलिस्टर' मी गिळून टाकलं. असं मी क्वचित करते.

"पाणी मार," तो म्हणाला.

शेजारच्या टेबलावर कुंड्यांची मांडणी होती. तिथल्या मुलीकडून मी फवारणीची बाटली हिसकावलीच म्हणायची. ओढणी बाथरूममध्ये भिजवून, पिळून उभ्या धाग्यांखाली पसरली. ऑपरेशनच्या टेबलापाशी जशी उभी राहते तशी मी मागापाशी उभी राहिले, आणि माझी मुलगी, मान खाली घालून, एकेक टोक शोधून गाठ मारत होती. परीक्षक बायका आल्या तेव्हा माग बंद होता, टेबल ओलं होतं आणि ओढणीतून खाली पाणी ठिबकत होतं.

"इज इट नॉट वर्किंग?" एकीने विचारलं.

"इट इज वर्किंग," मुलगी मान वर न करता म्हणाली. "दिस इज द वर्क." मग तिने त्यांना सांगितलं की कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून शेडमध्ये ओलावा ठेवतात, आणि तुटलेला धागा असा जोडतात. तिने एकीच्या बोटांत धागा देऊन गाठ मारायला लावली. त्या बाईंना जमली नाही. "हू टॉट यू?"

"माय फादर. ही हॅड एट लूम्स. ही कुड रिपेअर एनी लूम बाय लिसनिंग."

फोन माझ्या हातात चालूच होता. मी तो काही बंद केला नाही.

अकरा गाठी झाल्या आणि मग माग पुन्हा चालला. वीतभर कापड निघालं. पहिलं बक्षीस लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या भविष्यातल्या शहराला मिळालं. आमच्या कागदावर शेरा होता: माहिती उत्तम, टेबल फार ओलं.

सुटल्यावर पाच-सहा मुलींनी माग उचलून गेटबाहेर आणला. नवरा लगबगीने सामान ठेवायची डिकी उघडू लागला, म्हणजे कुणाशी बोलायला लागू नये. पण मुलीने मैत्रिणींना थेट त्याच्यापुढे उभं केलं. "ही इज द वन. आस्क हिम." आणि मग दोन वर्षं आपल्या भंगारात गेलेल्या मागांबद्दल एक शब्द न काढलेला तो माणूस भर उन्हात इचलकरंजीच्या हिंदीत सुरू झाला. चौकीदारही येऊन ऐकू लागला.

एका हैदराबादी मुलीने विचारलं, "अंकल, हमारी बुक में है कि नई मशीन आई तो लोगों ने मशीनें तोड़ डालीं. आपको गुस्सा नहीं आया?"

तो तिच्याकडे वळला. "किसपे गुस्सा करने का, बेटा? मेरा माग लॉरी में भर के गया, उसी दिन मैं वो नई मशीन देखने गया. शेडवाला पहचान का था. एक घंटा खड़ा रहा." त्याने दोन्ही हात छातीपाशी धरले आणि अंतर दाखवलं. "धोटा ही नहीं है उसमें. हवा फूंकती है, और धागा इधर का उधर. दिखता भी नहीं. कपड़ा हाथ में लिया मैंने. एक गाठ नहीं, एक डाग नहीं. क्या चलती है, बेटा! इतनी अच्छी मशीन को कौन तोड़ेगा?"

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी इथे ड्यूटीवर होते. संध्याकाळी त्याचा फोन आला होता. लॉरी गेली, म्हणाला. एवढा वेळ कुठे होता विचारलं तर म्हणाला, चहाला थांबलो होतो. आणि मी म्हणाले होते, "बरं झालं, सुटलात एकदाचे त्या लोखंडातून." मी ते गमतीने म्हटलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की तो सुटला. त्या गेटवर, त्या परक्या मुलींच्या घोळक्यात उभी असताना मला स्वतःची फार लाज वाटली.

मुली गेल्या. आम्ही गाडीत बसलो. मी एसी लावायला हात पुढे केला आणि का कोण जाणे, तसाच मागे घेतला. मागच्या सीटवर मुलगी मागाला धरून बसली होती. मग मराठीत म्हणाली, "पप्पा, त्या शेडमध्ये तुम्ही रडलात?"

तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"शेडमधी लई आवाज असतोय बघ," तो म्हणाला. "रडलं तरी आपलं आपल्यालाबी ऐकू येत न्हाई."